वादळ सांगून येते



येऊ घातलेल्या चक्रीवादळाला गावाने आणि धंद्याने कसे सामोरे जावे, हा विषय आम्ही व्याख्यानमालेच्या चालकांपुढे ठेवला तेव्हा त्यांतले एक गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, नायगावात समुद्र कुठे आहे?" त्यांचे म्हणणे खरे आहे. येथे समुद्र नाही, मासेमारी नाही, बंदर नाही. आमच्या पिढीतील पुष्कळांनी समुद्र पाहिला तो मुंबईला बिगारीकामाला गेले तेव्हा. आमचे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या वेशीवरच्या सभांत झाले. तेव्हा हवामानशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची आमची योग्यता नाही. परंतु वादळाचे एक अंग असे आहे की ज्याविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे. वादळ आले असता कामावर कोण उभा असतो, आणि त्याला "आता थांब" असे कोण म्हणतो, हे ते अंग होय.

प्रथम, समुद्र नसलेल्या गावाला चक्रीवादळाशी काय कर्तव्य, ह्या शंकेचे निरसन करू.

26 सप्टेंबर 2021 रोजी संध्याकाळी 'गुलाब' नावाचे चक्रीवादळ आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर चढले. तेथून नांदेड सुमारे सातशे किलोमीटर. जमिनीवर आले की वादळाचा जोर मोडतो, कारण त्याचे अन्न म्हणजे समुद्राची उष्ण वाफ, आणि ती जमिनीवर मिळत नाही. गुलाबचाही वारा मोडला. पण त्याच्या पोटातले पाणी मोडले नाही. तेलंगण ओलांडून ते कमी दाबाचे क्षेत्र मराठवाड्यावर आले आणि 27 व 28 तारखेला येथे जे कोसळले ते आपणांपैकी कोणीही विसरलेले नाही. मांजरा धरणाचे अठराही दरवाजे उघडावे लागले. लातूर जिल्ह्यात नदीकाठची माणसे सोडविण्यास हेलिकॉप्टर आणावे लागले. कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या सुड्या पाण्यात तरंगल्या. तेच वादळ पुढे अरबी समुद्रात उतरले, तेथे पुन्हा वाफ पिऊन उभे राहिले, 'शाहीन' हे दुसरे नाव घेऊन ऑक्टोबरच्या आरंभी ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन आदळले. ह्या दोन समुद्रांच्या वाटेवर आपला मराठवाडा होता.

म्हणजे समुद्र आपल्याकडे नाही, परंतु समुद्राचे पाणी आपल्याकडे येते. वारा किनाऱ्याचा आणि पूर आमचा, अशी ही वाटणी आहे.

आता ह्या प्रसंगातील एक हिशेब पाहा. वादळ 26 तारखेच्या संध्याकाळी किनाऱ्यावर चढले. पूर आपल्या ओढ्या-नाल्यांस आला 28 तारखेला. मध्ये कमीत कमी एक दिवस आणि एक रात्र गेली. त्या अवधीत आम्ही काय केले? खरे सांगावयाचे तर काही केले नाही. बातमी ऐकली, "आंध्रात वादळ झाले बरं का" असे चहाच्या टपरीवर एकमेकांस सांगितले, आणि कामाला गेलो.

मित्रहो, किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास झाला. आठ हजारांच्या आसपास माणसे झोपेतच गेली. त्या रात्री कोणी कोणास सावध करू शकले नसते, कारण भूकंप सांगून येत नाही. वादळ मात्र सांगून येते. तो सांगावा ऐकूनही माणूस मेला तर तो दैवाचा घाला म्हणता येत नाही. तेथे कोणाची तरी चूक असते आणि ती शोधली पाहिजे.

आता हा सांगावा कसा येतो ते पाहू. चक्रीवादळ जन्मते उष्ण समुद्रावर, पाण्याचे तपमान साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर गेले म्हणजे. तापलेली वाफ वर चढते, खालची जागा हलकी होते, ती भरून काढण्यास चहूकडून वारे धावतात, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते सरळ न जाता गोल फिरू लागतात. आपल्या उत्तर गोलार्धात ही फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट असते. अमेरिकेकडे ह्याच प्रकाराला हरिकेन म्हणतात, चीन-जपानकडे टायफून. नावे निराळी, रोग एकच.

ह्या सगळ्याला दिवस लागतात आणि तेवढे दिवस आपल्याला मिळतात. भारताचे हवामान खाते 1875 साली स्थापन झाले. त्याआधी 1864 साली कलकत्त्यावर आलेल्या भीषण वादळाचा धडा त्यामागे होता. आज हे खाते वाऱ्याच्या वेगावरून पायऱ्या मोजते. ताशी 62 किलोमीटरला वारा पोचला की चक्रीवादळ, 89 ला तीव्र, 118 ला अति तीव्र, आणि 222 च्या वर महाचक्रीवादळ. किनाऱ्यावरील जिल्ह्यांना पहिली चाहूल सुमारे 72 तास आधी, पुढचा इशारा 48 तास आधी आणि पक्की सूचना 24 तास आधी मिळावी, अशी रीत आहे. बंदरांवर एकपासून अकरापर्यंत खुणांचे बावटे व दिवे लावतात. त्यांतल्या अकरा क्रमांकाचा अर्थ असा, की हवामान खात्याशी दळणवळण तुटले आहे, आता ज्याने त्याने आपले पाहावे.

आपल्या जिल्ह्यासाठी इशारा रंगांत येतो: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारी करा, लाल म्हणजे हालचाल करा. दिवसाला 65 मिलिमीटर पाऊस पडला की महसूल खाते त्यास अतिवृष्टी म्हणते. हा आकडा ऐकावयास लहान वाटतो. म्हणून आम्ही त्याचा हिशेब मांडून पाहिला. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी. पासष्ट मिलिमीटर म्हणजे दोन लाख साठ हजार लिटर. दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर एका एकरात एका दिवसात ओतले, असे समजा. मग शिवारात एकर किती, हे आपले आपण मोजावे आणि ते सारे पाणी गावाच्या एका ओढ्यातून जावयाचे आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता गावाने काय करावे? आम्ही ऐकीव गोष्टी सांगत नाही. जेथे जेथे पूर-वारा पाहिला तेथली उजळणी करतो.

पहिली गोष्ट पत्र्याची. आमच्या वस्त्यांत पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवतात. हा उपाय नव्हे, हा अपाय आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. शिवाय छपरावरून जाणारा वारा पत्रा खाली दाबीत नाही, वर ओढतो. आणि वाऱ्याच्या तोंडाचे दार उघडे असले तर आत शिरलेला वारा त्याला खालून ढकलतो. पत्रा उचलला गेला की वरचा धोंडा खाली निजलेल्या लेकराच्या अंगावर येतो. दरवर्षी अवकाळीत अशा बातम्या येतात. धोंड्याऐवजी हुक आणि नट-बोल्टांनी पत्रा अँगलला आवळावा, कडेच्या पत्र्यांना जास्त हुक लावावेत, अँगल भिंतीत पक्का करावा, आणि वारा सुटताच वाऱ्याकडचे दार-खिडकी लावून घ्यावी. वर्षातून एकदा, चैत्रात, हे करण्यास एक दिवस पुरतो.

दुसरी गोष्ट जनावरांची. पुराचे पाणी येण्याची चिन्हे दिसली की दावे सोडावे. सुटे जनावर पोहते, उंचवट्याकडे जाते. बांधलेले जागीच मरते. 2025 सालच्या ऑगस्टमध्ये, 17 तारखेच्या रात्री व 18 ला, शेजारच्या मुखेड तालुक्यात लेंडीच्या पाण्याने हसनाळ, रावणगाव आदी गावांत जो अनर्थ केला, तो आपणांस ताजा आहे. ते चक्रीवादळ नव्हते, परंतु पाणी पाणीच असते. माणसे गेली, गोठ्यांतली जनावरे गेली, सैन्याची तुकडी बोलवावी लागली. पाणी रात्री आले म्हणजे दावे सोडण्यासही वेळ मिळत नाही. म्हणून लाल इशारा असता जनावरे त्या रात्रीपुरती गोठ्यात न बांधता गावच्या उंच जागी न्यावीत, आणि ती जागा कोणती हे आधी ठरलेले असावे.

तिसरी गोष्ट कागदांची. सातबारा, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक, जॉबकार्ड, लेकरांचे दाखले हे सारे एका प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आढ्याजवळ टांगावे. पूर ओसरल्यावर पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा तो कागद मागतो, अश्रू मागत नाही.

चौथी गोष्ट विजेची. आकाशातली वीज आणि खांबावरची वीज, दोन्ही. चमक आणि गडगडाट ह्यांच्यामध्ये सेकंद मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर यावयास तीन सेकंद लागतात. तीसपर्यंत मोजण्याआधी गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे. शेत सोडावे, पक्क्या घरात जावे, झाडाखाली मुळीच थांबू नये. खांबावरची तार तुटून पडली असेल तर तिला काठीनेही शिवू नये, आणि डी.पी.जवळ पाणी साचले असेल तर मोटार चालू करण्यास कोणी जाऊ नये. रात्री पाळीच्या विजेसाठी मोटारीवर जाणारा शेतकरी आणि त्याचा सालगडी हे ह्या बाबतीत सर्वांत उघडे असतात.

पाचवी गोष्ट शेतीमालाची. सप्टेंबरअखेर आपले सोयाबीन कापणीला येते आणि बंगालच्या उपसागरातली वादळेही त्याच सुमारास जोर धरतात. समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र झाल्याची बातमी आली की दोन-तीन दिवस कापणी थांबवावी. उभे पीक भिजले तरी थोडे हाती लागते. कापून आडवे पडलेले सडते. आधीच कापलेले असेल तर सुडी खळग्यात न लावता उंचवट्यावर, खाली धसकटे-तुराट्या घालून लावावी आणि ताडपत्री बांधून घ्यावी.

ही झाली गावाची गोष्ट. आता धंद्याकडे वळू. येथेच आमचे खरे बोलणे आहे.

दुकानदार, आडते, जिनिंगवाले आणि कृष्णूरच्या औद्योगिक वसाहतीतले कारखानदार आपापल्या मालाची काळजी घेतात, त्यांस आम्ही काय शिकवावे? गोदामात पोत्यांखाली लाकडी फळ्या घालाव्यात, खालची थर-दोन थर पोती आधी हलवावीत, यंत्राच्या मोटारी उंच ओट्यावर बसवाव्यात, इशारा येताच मुख्य बटण बंद करावे, मालाचे फोटो काढून ठेवावेत म्हणजे विम्याचा वाद होत नाही, हे त्यांस ठाऊक आहे. परंतु एक वही आहे जी पुष्कळ ठिकाणी सर्वांत खालच्या खणात असते. ती हजेरीची वही. आम्ही एका ठिकाणी पाहिले आहे की पुराने हजेरीपट भिजला आणि त्यासोबत साठ माणसांची तीन आठवड्यांची मजुरी भिजली. मालक म्हणाला, पुरावा दाखवा. पुरावा त्याच्याच गोदामात होता. तेव्हापासून आम्ही प्रत्येक टोळीला सांगतो की आपली हजेरी आपणही एका वहीत लिहावी आणि ती घरी ठेवावी.

ह्याहून मोठी गोष्ट म्हणजे थांबण्याची. ती सांगताना आम्हांस आमचीच एक चूक सांगणे भाग आहे.

वीस-बावीस वर्षांमागे आम्ही एका आडत बाजारात हमालांच्या टोळीचे मुकादम होतो. मे महिना होता. उघड्यावर पोत्यांची थप्पी लागलेली. दुपारपासून नैर्ऋत्येकडे आभाळ काळे होत होते. तासभर ते सर्वांना दिसत होते, पण गाडी भरावयाची होती, म्हणून आम्ही गाडी भरीत राहिलो. वारा अंगावर आला तेव्हा मालक ओरडला, "थप्पी झाका!" आम्ही टोळीकडे पाहिले आणि सर्वांत चपळ गड्याला म्हणालो, "चढ वर." तो चढला. ताडपत्रीचे टोक त्याच्या हातात होते. वाऱ्याने ताडपत्री फुगली आणि तिने त्याला उचलून थप्पीच्या पलीकडे फेकले. कंबर मोडली. पुन्हा त्याने पाठीवर पोते घेतले नाही. थप्पी अर्धी भिजली, अर्धी वाचली. त्या पोत्यांचा विमा होता. त्याच्या कमरेचा नव्हता. आम्ही वर्गणी काढली, काही दिवस पुरली. मालक काय बोलला हे आम्ही पुष्कळदा सभेत सांगितले आहे. "चढ वर" हे शब्द मात्र आमच्या तोंडचे होते, हे आज प्रथमच व्यासपीठावरून सांगतो.

त्या दिवशी थप्पी झाकावयाची नव्हती असे आमचे म्हणणे नाही. ती एक तास आधी झाकावयाची होती. आभाळ काळे दिसले तेव्हा झाकली असती तर चार माणसांचे दहा मिनिटांचे काम होते. वारा सुटल्यावर तेच काम एका माणसाच्या आयुष्याचे झाले. तयारी ह्या शब्दाचा सारा अर्थ ह्यात आहे: जे काम वादळात करणे जिवावरचे असते, ते वादळाआधी करणे सोपे असते.

हेच मोठ्या प्रमाणावर पाहा. 17 मे 2021 रोजी 'तौक्ते' वादळात मुंबईजवळच्या समुद्रात तेलविहिरींच्या कामावरील पी-305 ही बार्ज नांगर तुटून भरकटली आणि बुडाली. तिच्यावर 261 माणसे होती. नौदलाने व तटरक्षक दलाने 186 जणांना वाचवले, परंतु सत्तरांवर कामगार बुडाले. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. त्या बार्जवरचा वेल्डर किंवा स्वयंपाकी इशारा वाचून काय करणार होता? समुद्रात तो चालत घरी येऊ शकत नाही. किनाऱ्याला परतण्याचा निर्णय त्याच्या हाती नव्हता. परिणाम मात्र त्याच्या वाट्याला आला.

आणि गुलाबच्या त्याच पावसात, 28 सप्टेंबर 2021 च्या सकाळी, नांदेडहून नागपूरकडे निघालेली एस.टी. उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून वाहून गेली. त्या ड्रायव्हरला आम्ही दोष देणार नाही. आम्ही एवढेच विचारतो: पुलावरून पाणी वाहत असता गाडी अलीकडे तीन तास थांबली तर त्या तीन तासांचा जाब कोणी कोणाला विचारू नये, असा नियम आपण प्रत्येक गाडीवाल्याला तोंडी नव्हे, लेखी दिला आहे काय? ट्रकवाला, दूधवाला, शाळेची जीप चालवणारा, ह्या सर्वांना तो द्यावयास हवा. गुडघाभर वाहते पाणी माणसाला पाडते, आणि त्याहून थोडे अधिक पाणी मोटार उचलते. पाण्याखाली पूल शिल्लक आहे की नाही हे वरून दिसत नाही.

कोणी म्हणेल, थांबल्याने धंदा बुडतो. म्हणून ओरिसाचे उदाहरण देतो. 1999 च्या ऑक्टोबरात तेथे महाचक्रीवादळ आले. दहा हजारांच्या आसपास माणसे मेली. त्या राज्याने त्यानंतर किनाऱ्यावर उंच खांबांवर निवारे बांधले. एरवी त्यांत शाळा भरते, वादळात गाव राहते. गावोगावी तरुणांची पथके केली. कोणी म्हाताऱ्यांना उचलावयाचे, कोणी बाळंतिणीकडे जावयाचे, कोणी दवंडी द्यावयाची, हे वाटून दिले. 2013 साली 'फायलिन' आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसे आधीच हलविली होती, आणि मृतांची संख्या शंभराच्या आतच राहिली. ओरिसा काही श्रीमंत राज्य नव्हे. तेथे वादळ लहान झाले नाही. माणसे वेळेवर थांबली आणि हलली.

थांबण्यासाठी मात्र पोटाची सोय लागते. रोजंदारीच्या माणसाला लाल इशारा आणि रिकामी चूल ह्यांतून निवड करावयास लावली तर तो कामावर जाणारच. ऊसतोडीची कोपी, वीटभट्टीवरचे पाल, बांधकामावरची पत्र्याची खोली ह्यांत राहणारी माणसे बहुधा त्या गावची नसतात; ग्रामपंचायतीच्या यादीत नसतात; दवंडी त्यांच्यापर्यंत जात नाही. आमच्या टोळीने त्या अपघातानंतर तीन अटी ठरविल्या आणि पुष्कळ भांडून त्या मान्य करून घेतल्या. त्या येणेप्रमाणे: नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी सकाळचे पहिले काम थप्पी झाकण्याचे, गाडी भरण्याचे नंतर. वारा सुटल्यावर कोणी उंचावर चढणार नाही, मालक म्हणाला तरी नाही आणि मुकादम म्हणाला तरी नाही. काम थांबले तर त्या दिवसाची अर्धी हजेरी. पहिल्या वर्षी आडत्यांनी कुरकूर केली. दुसऱ्या वर्षी त्यांच्या ध्यानात आले की सकाळी झाकलेला माल भिजत नाही. आता ते स्वतःच सकाळी विचारतात, "आज रंग कोणता?"

तेव्हा आमची ह्या गावाला एवढीच विनंती आहे. पाऊस लागण्यास अजून अवधी आहे. ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या भिंतीवर पाच गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहून काढाव्यात: पाणी आल्यास जावयाची उंच जागा कोणती, तेथल्या खोलीची किल्ली कोणाकडे, एकट्या म्हाताऱ्यांच्या, अपंगांच्या आणि गरोदर बायांच्या घरी कोणी जावयाचे, शिवाराबाहेरच्या पालांवर आणि भट्ट्यांवर निरोप कोणी न्यावयाचा, आणि ओढ्याच्या पुलावर दोर बांधून रस्ता बंद करण्याचा अधिकार कोणाचा. त्या नावांपुढे नुसते "सरपंच" असे लिहू नये. माणसाचे नाव लिहावे, आणि तो परगावी असल्यास दुसऱ्याचे.

चौथ्या नावासाठी, म्हणजे पालांवर निरोप नेण्यासाठी, आम्ही आमच्या संघटनेतले दोघे देण्यास तयार आहोत. बाकीची नावे आपण ठरवावीत. आज सभा संपल्यावर येथेच ठरली तर उत्तम.